ब्रेक दाबला की गाडी थरथरते, चाक जाम राहते? मिस्त्रीकडे जाण्याआधी घरीच असे पाहा

रिद्धपूर (प्रतिनिधी) : पावसाळ्यात पांदण रस्ते बंद पडले की गाडी महिना-महिना गोठ्याजवळ उभी राहते. माझीही राहिली, अन् तीही हँडब्रेक ओढून. काढायला गेलो तर मागचं एक चाक फिरेच ना. एका गॅरेजवाल्याने पुढच्या दोन्ही डिस्क बदलायला सांगितल्या. दुसऱ्याने ड्रम खोलला, तर ब्रेक शू गंजून ड्रमाला चिकटलेले. खराबी मागे अन् खर्च पुढे, असं झालं असतं. म्हणून थोडं आपल्यालाही कळलं पाहिजे.

आधी थरथरीचं पाहू. ती ब्रेक दाबल्यावरच येते की एरवीही? ब्रेकला पाय न लावता साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग हलत असेल, तर बहुतेक वेळा दोष चाकाच्या बॅलन्सिंगचा किंवा टायरचा. आपल्याकडे तर आणखी एक कारण असतं. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते, एका बाजूला वजन वाढतं अन् गाडी नाचते. आधी रिम आतून खरडून धुवा. निम्मे लोक इथंच मोकळे होतील.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या डिस्क पाहा. थरथर सीटमध्ये जाणवत असेल तर मागच्या ड्रमावर संशय घ्या. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. खरं तर बरेचदा ती कुठं जास्त, कुठं कमी झिजलेली असते. पंक्चर काढताना नट कमी-जास्त कसले तरी पुढे हा त्रास होतो. नट नेहमी समोरासमोरचे, थोडे थोडे कसायचे. बऱ्याच डिस्कवर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असेल तर घासून-पुसून उपयोग नाही, डिस्क बदलायचीच.

आता जाम होण्याचं. पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, शेवटी ब्रेक कमी वापरून थांबा. चारही चाकांवर पाण्याचे दोन-दोन थेंब शिंपडा. हात लावू नका, भाजेल. एकाच चाकावर पाणी चर्रकन उडालं किंवा जळका वास आला, तर ब्रेक तिथंच धरून बसलाय. मग गाडी थंड झाल्यावर सपाट जागी न्यूट्रल करा, बाकी चाकांना दगड लावा, ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. बारीक घासल्याचा आवाज चालतो, पण चाक अडता कामा नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका.

मागचं चाक अडत असेल तर हँडब्रेक पूर्ण सोडूनही केबल परत येते का, ते पाहा. पुढचं अडत असेल तर मिस्त्रीला म्हणा, ब्लीडर निप्पल थोडं सैल कर. ब्रेक ऑइल निघून चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. रबरी पाईप आतून फुगला असण्याची शक्यता मोठी. तरीही चाक अडलंच, तर कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या किंवा पिस्टन गंजला. ही तपासणी झाली की हवा काढून घ्यायला विसरू नका. ड्रमातली धूळ तोंडाने फुंकू नका, ती छातीला वाईट.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. त्यात पाणी मुरलं की ते लवकर उकळतं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना कळतं, अन् तेव्हा पेडल थेट खाली जातं. एखादं चाक धरत असेल तर तो घाट उतरूच नका. गाडी ठीक असली तरी खालच्या गिअरमध्येच उतरा. वास आला तर बाजूला थांबा, पण तापलेल्या डिस्कवर बाटलीभर पाणी ओतू नका, तडकते.

अन् यंदा गाडी उभी ठेवाल तेव्हा सपाट जागा, पहिला गिअर अन् चाकाला दगड. हँडब्रेक मोकळा.