शंकररावांचा पक्ष

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. तोवर जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके आणि परतूर परभणीचा. शंकरराव चव्हाणांची महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस जिल्ह्याचा हा नकाशा तयार होण्याआधीच संपली होती. आज या भागातल्या तरुण कार्यकर्त्यांना ते नावही ठाऊक नसतं. मराठवाड्याचा राग समजून घ्यायचा असेल, तर तो पक्ष आठवायलाच हवा.

मार्च 1977 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रात 48 पैकी 20 जागा मिळाल्या. जालन्याची जागा पुंडलिक हरी दानवे यांनी जिंकली. पराभवाचं खापर मुख्यमंत्री शंकररावांवर फुटलं आणि मे महिन्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जाणारे शंकरराव बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला.

दादांची ताकद साखर कारखान्यांच्या जाळ्यात होती, शंकररावांची पाटबंधाऱ्यात. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन 1976 साली इंदिरा गांधींनी केलं. त्याचा डावा कालवा अंबड आणि आजच्या घनसावंगी तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. आज कालव्याखाली ऊस उभा दिसतो आणि अंकुशनगरचा समर्थ कारखाना त्यावर चालतो. कालव्याला आवर्तन सुटलं की शेतकरी रात्रभर बांधावर थांबून बारं देतो. पण त्या पाण्यातून शंकररावांसाठी कारखाने, बँका, दूधसंघ अशी पक्की फळी तयार झाली नाही. त्यांचा पक्ष अल्पायुषी ठरला, त्यामागे माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण होतं.

1978 च्या विधानसभेत जनता पक्षाला 99 जागा मिळाल्या, तरी फुटलेल्या काँग्रेसचे दोन्ही पक्ष एकत्र येऊन वसंतदादांचं सरकार बनलं. जुलैत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि 18 जुलैला पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारचे मुख्यमंत्री झाले. बीडचे सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री. शंकररावही मंत्रिमंडळात आले. ज्यांच्या हाताखाली पवार मंत्री होते, ते आता पवारांच्या हाताखाली मंत्री झाले. याला कमीपणा म्हणणारे तेव्हाही होते. आपल्या भागाची कामं व्हावीत म्हणून मानाचा प्रश्न बाजूला ठेवण्यात मोठेपणा होता, असं मला वाटतं.

त्या सरकारच्या खात्यावर दोन गोष्टी ठळक आहेत. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत झाला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नाव बदललं ते थेट 14 जानेवारी 1994 ला. मधली सोळा वर्षं ही या प्रदेशाची लाज आहे. दुसरी गोष्ट रोजगार हमीची. 1977 साली मंजूर झालेला कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता. बहात्तरचा दुष्काळ सोसलेल्या मजुरासाठी हजेरीपटावर नाव चढणं हा आता हक्क झाला होता.

17 फेब्रुवारी 1980 ला पुलोद सरकार बरखास्त झालं. शंकरराव तोवर इंदिरा काँग्रेसमधून नांदेडचे खासदार होऊन दिल्लीला गेले होते. पक्ष विरला.

जगात याला जोड सापडते. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद-टोबॅगोत कार्ल हडसन-फिलिप्स सत्ताधारी पीपल्स नॅशनल मूव्हमेंटमधून फुटले आणि 1980 साली त्यांनी नवा पक्ष काढला. पुढच्याच वर्षी त्याला पाचव्या हिश्शाहून जास्त मतं पडली, पण जागा एकही नाही. ती मतं देशभर विखुरलेली होती, हक्काचा मतदारसंघ नव्हता. पुढे तो इतर पक्षांच्या आघाडीत मिसळला आणि डिसेंबर 1986 मध्ये त्या आघाडीने 36 पैकी 33 जागा जिंकल्या.

त्याच डिसेंबरात औरंगाबादेत पवारांची समाजवादी काँग्रेस राजीव गांधींच्या उपस्थितीत मूळ पक्षात विलीन झाली. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. जून 1988 मध्ये त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि त्यांच्या जागी शरद पवार आले.