नेवाशाची पांढरी

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे राहती जागा. एकाच ठिकाणी पिढ्यान् पिढ्या घरे बांधायची, ती पडायची, त्याच मातीवर पुन्हा नवी उभी राहायची. चुलीची राख, भिंतीचा चुना, गोठ्यातले शेण, फुटकी भांडी हे सारे जिरून जमीन पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. काळीत काय पिकते याची चौकशी सगळे करतात. पांढरीत काय पुरले आहे याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवायची आहे ती अशाच एका पांढरीची हकीकत.

मी नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या तोंडी अजून ‘नगर’च बसलेले आहे.) बी. ए. च्या वर्गाला दरवर्षी ज्ञानेश्वरीतला काही भाग असतो आणि त्या निमित्ताने नेवाशाचे नाव निघतेच. एके वर्षी नेवासे तालुक्यातला एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, “सर, ज्ञानेश्वरीच्या आधी आमच्या गावाला काही होतं का हो? का माउली आली म्हणूनच गावाला नाव मिळालं?”

प्रश्न साधा होता, पण त्याच्या आवाजात थोडा संकोच होता. आपल्या गावाला दुसऱ्याच्या पुण्याईवर मोठेपण मिळाले आहे, स्वतःचे असे काही नाही, ही बोच त्यात होती. त्या दिवशी दहा मिनिटांत जे सांगता आले नाही ते आज सांगतो.

आधी जागा पाहू. सह्याद्रीत रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा अकोले, संगमनेर, श्रीरामपूर असे तालुके ओलांडून नेवाशाला येते आणि पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, पण नेवासे पडते ते पर्जन्यछायेच्या मुलखात. तेव्हा इथल्या माणसाचा जीव आभाळापेक्षा नदीवर जास्त. नदीच्या दोन काठांना दोन नेवासे : खुर्द आणि बुद्रुक. गंमत अशी की नावाने ‘खुर्द’ म्हणजे धाकटे असलेलेच आज थोरले आहे. मोहिनीराजाचे मंदिर तिथे, ज्ञानेश्वरांचा पैस खांब तिथे, तहसील कचेरीही तिथेच. कालव्याचे पाणी आल्यापासून तालुक्यात ऊस झाला, सोनईला आणि भेंड्याला साखर कारखाने झाले. आज नेवासे फाट्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला दिसतात त्या उसाच्या मोळ्या आणि रसवंत्या. गाव किती जुने आहे हे सांगणारी एकही खूण रस्त्यावर नाही. ती आहे नदीकाठच्या टेकाडात. लोक त्याला ‘लाडमोड’ म्हणतात.

या टेकाडावर 1954 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून डॉ. हसमुख सांकळिया आपले सहकारी घेऊन आले. त्यांच्यात डॉ. शां. भा. देव होते, झैनुद्दीन अन्सारी होते. दोन हंगामांच्या या उत्खननाचा अहवाल 1960 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा होतो. ठाऊक असलेल्या काळापासून आरंभ करायचा आणि थर उकलीत ठाऊक नसलेल्या काळापर्यंत खाली उतरायचे, अशी ती रीत. विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखे आपणही उतरू. मात्र तळापासून वर येणे सोयीचे, म्हणून मी उलट क्रम घेतो.

अगदी तळाशी घरे नाहीत, मडकी नाहीत. प्रवरेच्या जुन्या पात्रातल्या गोट्यांच्या थरांत दगडाची हत्यारे आहेत, हातकुऱ्हाडी आणि फरशा, काही लक्ष वर्षांपूर्वीची. पुढे 1966 ते 1969 या काळात गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने जवळच्याच चिरकी नाल्यावर खोदकाम केले, तेव्हा अशा हत्यारांचा मोठा साठा हाती लागला. त्यानंतरच्या मध्य पुराश्मयुगीन म्हणजे मधल्या जुन्या दगडी युगातल्या लहान, घडीव हत्यारांची परंपरा तर सांकळियांनी प्रथम इथेच ओळखली आणि तिला ‘नेवासियन’ हे नाव पडले. जगातल्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आमच्या या तालुक्याच्या गावाचे नाव विशेषण होऊन बसले आहे, हे किती नगरकरांना माहीत असेल?

त्याच्या वर येतात पहिले शेतकरी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला कुडाच्या आणि मातीच्या घरांत राहणारे, तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरणारे लोक. त्यांची लाल मडकी, वर काळ्या रंगाची नक्षी, ही आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जातात. या लोकांची एक चाल मनाला चटका लावते. मूल दगावले की ते त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांत मूल निजवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. अशाच एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत गुंतून राहिलेल्या धाग्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही निघाले. आपल्या देशातल्या कापडाचा इतिहास सांगणाऱ्याला या धाग्यापाशी थांबावेच लागते. मला मात्र आधी ती आई दिसते, जवळ होते त्यातले सर्वांत चांगले मुलाच्या गळ्यात घालणारी.

मग वस्ती उठली. कित्येक शतके टेकाड ओस पडले. पुन्हा माणसे आली ती ऐतिहासिक काळात, आणि सातवाहनांच्या राज्यात नेवासे चांगलेच नांदते झाले. या थरात सातवाहनांची नाणी मिळाली, मणी मिळाले, आणि त्यांच्याबरोबर काही विलक्षण खापरे मिळाली. भांडे निमुळत्या बुडाचे, उंच मानेचे, दोन कानांचे. असे भांडे आपला कुंभार घडवीत नाही. हे होते रोमन मद्यकुंभ.

हे कुंभ कोठले? पुढच्या काळात सुनील गुप्ता आणि डेव्हिड पीकॉक, डेव्हिड विल्यम्स या इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी या खापरांची बारकाईने तपासणी केली. माती कधी खोटे बोलत नाही. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तिच्यातल्या वाळूचे कण आपले कुळ सांगतात. नेवाशाच्या काही खापरांत ज्वालामुखीच्या मुलखातली काळी वाळू होती, आणि ती जुळली इटलीतल्या नेपल्सच्या आखाताभोवतीच्या, म्हणजे कँपेनिया प्रांतातल्या मातीशी. म्हणजे ज्या व्हेसुव्हियसच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि ज्याच्या पायथ्याशी पाँपेई नावाचे छोटे शहर होते, त्या मुलखाची द्राक्षमदिरा प्रवरेच्या काठी येत होती!

ती आली कशी, याचाही माग लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची जी वही लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. इटलीहून अलेक्झांड्रिया, तिथून नाईल नदीने वर, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबडा समुद्र, आणि पुढे मोसमी वाऱ्यावर शीड सोडून भडोच. भडोचला कोणता माल खपतो हे सांगताना तो मदिरेचे नाव घेतो आणि तीतही इटलीची अधिक पसंत पडते असे नमूद करतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर तेर, तिथून गाड्यांतून मौल्यवान दगड आणि तलम कापड खाली बंदरावर येते, असेही तो लिहितो. दुसरी वाट पैठणहून जुन्नरकडे आणि नाणेघाट उतरून कल्याणकडे. नेवासे पडते ते पैठणच्या पश्चिमेला, याच वर्दळीच्या टापूत.

व्यवहार एकतर्फी नव्हता. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला आणि पाँपेई राखेखाली गाडले गेले. त्या राखेतून 1938 साली एका घरात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली, अंगभर दागिने ल्यालेली आणि अस्सल हिंदुस्थानी. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या घडणीशी मिळतीजुळती कारागिरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आहे, त्यामुळे ती दख्खनी कारागिराने घडवली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांची मदिरा आमच्या पांढरीत आणि आमची बाहुली त्यांच्या राखेत! दोन्हीकडची माती ज्वालामुखीचीच. आपली काळी ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची नात. त्यांची त्या मानाने अगदी कालची.

आता ज्ञानेश्वरांकडे येऊ, कारण विद्यार्थ्याचा खरा प्रश्न तो होता. आणि इथे पांढरी एक चमत्कारिक गोष्ट करते : ती गप्प बसते. सातवाहनांनंतर लाडमोडावरची वस्ती पुन्हा मोडली, आणि वरचा थर आहे तो एकदम मुसलमानी-मराठी अमदानीचा. तेराव्या शतकातले नेवासे या टेकाडात नाही. ते शेजारी कुठेतरी वसले होते. त्याची साक्ष देतो पैसाचा खांब. त्यावरच्या संस्कृत लेखात करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. मोहिनीराजाचे आजचे देऊळ होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात उभारलेले, पण देवस्थान पुरातन. आणि सर्वांत मोठी साक्ष ज्ञानेश्वरीचीच. ग्रंथाच्या अखेरीस गोदेचा दक्षिण काठ, ते क्षेत्र, तिथला देव, यादव रामचंद्राचे राज्य आणि शके 1212, म्हणजे इ. स. 1290, हे सारे नोंदलेले आहे. लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नावही आहे. विटा-खापरांनी जे राखले नाही ते शब्दांनी राखले.

पण ज्ञानेश्वर नेवाशालाच का आले? परंपरा सांगते की ही भावंडे पैठणला शुद्धिपत्र मागायला गेली, तिथून नेवाशाला आली आणि पुढे आळंदीला परतली. वाटेत ज्या रेड्याने पैठणला वेद म्हटले त्याची समाधी झाली जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला. आता नकाशा समोर घ्या आणि बोट फिरवा : पैठण, नेवासे, आळे. ही सातवाहनांच्या गाड्यांच्या वाटेचीच दिशा आहे. ज्या बाजूने बाराशे वर्षांपूर्वी इटलीची मदिरा आली, त्याच बाजूने ही चार पोरकी मुले चालत आली असावीत, असे माझे अनुमान आहे. आडरानातल्या खेड्यात तो ग्रंथ जन्मला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांची, देवदर्शनाची, पंडितांची आणि बाजाराची सवय असलेल्या गावात तो जन्मला. ऐकणारे श्रोते होते म्हणून तर तो बोलला गेला!

याच वेळी इटलीत काय चालले होते? फ्लॉरेन्स शहरात 1265 साली जन्मलेला दान्ते पंचविशीत होता. ज्या 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, त्याच साली त्याची बिआत्रिचे वारली. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत महाकाव्य लिहावे हे धाडस त्याने पुढे केले. आपल्या ज्ञानदेवांनी संस्कृतातली गीता मराठीत आणून ते आधीच केले होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. मदिरेची वाट केव्हाच बंद पडली होती. तरीही दोन टोकांना एकच निश्चय झाला, की आईच्या भाषेत सर्वांत मोठी गोष्ट सांगता येते.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे : बाळा, तुझ्या गावाला ज्ञानेश्वरीच्या आधी लक्षावधी वर्षांचे आयुष्य आहे. माउलींनी गावाला नाव दिले हे खरेच. पण गावानेही त्यांना बसायला खांब दिला आणि ऐकायला माणसे दिली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख संपवणे बरे नव्हे. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून दख्खनभर शेतकऱ्यांनी अशी टेकाडे गाड्या भरभरून शेतात नेली आहेत. शिवाय गाव वाढते तसतशी घरे चढत जातात. कुणाचा त्यात दुष्ट हेतू नसतो. पण पोथीची पाने वाऱ्यावर उडाली तर दुसऱ्या पोथीवरून नक्कल करता येते. पांढरीची दुसरी प्रत नसते. इटलीतल्या लोकांनी 1748 पासून पाँपेई उकरायला घेतले, आणि आज सारे जग तिकीट काढून ती राख पाहायला जाते. आपल्याला तेवढे नको. आहे ते टेकाड आहे तसे राहिले तरी पुष्कळ झाले.

या सुट्टीत नगरहून संभाजीनगरकडे निघालात तर फाट्यावर वळा. पैसाच्या खांबाला हात जोडा, मोहिनीराजाचे दर्शन घ्या, आणि मग अर्धा तास राखून नदीकाठी जा. बरोबर मुले असतील तर त्यांना पायाखालची माती दाखवा आणि ती पांढरी का, ते सांगा. एखादे खापर दिसले तर उचलून पाहा, आणि पुन्हा जिथले तिथे ठेवा.