परदेशातून ध्वनियंत्र, घरात खरे बीजक

आमच्या माळ्यावर एक जुना कॅसिओ कीबोर्ड आहे. १९८९ साली माझे मेहुणे दुबईहून सुट्टीवर येणार होते. कन्येसाठी तो आणावा, असे मीच त्यांना कळविले होते. जकात पडू नये म्हणून कपड्यांत गुंडाळून आणावा, ही सूचनाही माझीच. विमानतळावर सामान उघडले गेले. मेहुण्यांना तीन तास बसावे लागले आणि दंड भरावा लागला. घरी आल्यावर त्यांनी कीबोर्ड भाचीच्या हाती ठेवला, दंडाविषयी चकार शब्द काढला नाही. मला ते सहा महिन्यांनी वहिनींकडून समजले. त्या वेळी मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. इतरांची आयातीची कागदपत्रे तपासण्याचा पगार घेत होतो.

हे आठवण्याचे कारण, त्याच कन्येचा मुलगा. नातवाने घरातील एका खोलीत ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली आहे. स्तवने, जाहिरातींचे संगीत असे काम त्यास मिळू लागले आहे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्संकेत अतिशय क्षीण असतो. तो स्वच्छपणे वाढविणारे ‘प्रीअँप्लिफायर’ नावाचे यंत्र त्यास हवे होते. अमेरिकेतील एक लहान कार्यशाळा ते हाताने बनविते. किंमत ५०० डॉलर. विक्रेत्याने आपणहून कळविले, ‘‘हवे असल्यास पेटीवर ‘भेटवस्तू, किंमत ५० डॉलर’ असे लिहितो.’’ नातू आनंदाने सांगत आला, ‘‘आजोबा, सगळे असेच मागवतात.’’

त्यास उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नव्हता. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो.

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. यंत्राची किंमत ४४,००० रुपये, वाहतूक ५,५०० आणि विमा ५०० धरल्यास मूल्य ५०,००० होते. उदाहरणापुरते मूळ शुल्क १० टक्के धरू. ते ५,००० झाले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ५००. आता ५५,५०० या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे ९,९९०. एकूण कर १५,४९० रुपये. करावर कर बसत असल्याने १० आणि १८ मिळून २८ टक्के होत नाहीत, जवळजवळ ३१ टक्के होतात. ४४,००० चे यंत्र घरी पोहोचेपर्यंत ६५,४९० रुपयांचे होते. कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क आणि कार्डावरील परकीय चलनाचा आकार निराळा. सीमाशुल्क विभागाचा विनिमय दर स्वतंत्रपणे जाहीर होतो. तो बँकेच्या दराशी जुळेलच असे नाही.

प्रत्यक्ष दर वस्तूच्या वर्गीकरणावर ठरतो. कीबोर्डसारखी वाद्ये ९२ व्या प्रकरणात येतात. मायक्रोफोन, हेडफोन व ध्वनिवर्धक ८५ व्या प्रकरणात. वैयक्तिक वापरासाठी टपालाने वा विमानाने येणाऱ्या वस्तूंकरिता ९८०४ हे निराळे शीर्षक आहे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात; मागणी नोंदविण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

आता ‘भेटवस्तू’. डिसेंबर २०१९ पासून टपाल वा कुरिअरने आलेला माल भेट म्हणून शुल्काविना सोडवून घेण्याची वाटच बंद झाली आहे. अपवाद राखी आणि जीवरक्षक औषधे यांचा. ५० डॉलर लिहावेत, तर कार्डाच्या उताऱ्यावर ५०० उमटलेले असतात, आणि अधिकारी पैसे दिल्याचा पुरावा मागू शकतात. खोटे मूल्य आढळल्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार माल जप्त होऊ शकतो, वर दंडही होतो. पेटी वाटेत फुटली, तर विम्याची भरपाई घोषित मूल्यापुरतीच. माल परत पाठवावा लागला, तर याच कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली, अटी पूर्ण झाल्यास, भरलेल्या शुल्काचा ९८ टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकतो. परंतु जे भरलेच नाही, त्याचा परतावा कसला?

पतपत्राच्या व्यवहारात आम्हा बँकवाल्यांचा एक नियम असतो : बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नव्हे. बंदरावरील पेटी आम्ही कधी पाहत नसू. त्यामुळे बीजकावरील आकडा खरा असणे, यावरच सारा डोलारा उभा असतो. आपल्या घरांत तर अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. राज्याचा नियम चुकवून केलेल्या व्यापारास तो लागू होतो, असे आपण प्रवचनांत ऐकतो. पेटीवरील चिठ्ठी मात्र आपणास त्यात मोडते असे वाटत नाही.

जावयांचे कापडाचे दुकान आहे. त्यांनी वेगळा मार्ग सुचविला : ‘‘दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर मागवू, ९,९९० रुपयांची वजावट तरी मिळेल.’’ हा मोह आपल्या व्यापारी कुटुंबांत अधिक, म्हणून स्पष्ट लिहितो. व्यवसायासाठी केलेल्या आयातीवरील एकात्मिक कराची वजावट मिळते, हे खरे. त्यासाठी आयात-निर्यात संकेतांक लागतो. पण वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर वजावट घेण्यास जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने मनाई आहे. कापडाच्या दुकानात प्रीअँप्लिफायर कशास लागतो, याचे उत्तर जावयांजवळ नव्हते. ते हसले आणि विषय संपला. उद्या नातवाचा व्यवसाय नोंदणीकृत झाला, तर त्याच्या स्वतःच्या नावे हीच वजावट उजळ माथ्याने घेता येईल.

मागणीपूर्वी आणखी काही गोष्टी पाहिल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडाव्यात. अमेरिकेत वीजदाब १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. यंत्रावर ‘१०० ते २४०’ असे लिहिले नसेल वा दाब बदलण्याची सोय नसेल, तर पहिल्याच दिवशी ते जळेल. बिनतारी माइकसारख्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या साधनांस दूरसंचार विभागाची मंजुरी लागते. वापरलेला माल स्वस्त दिसतो, पण जुन्या वस्तूंच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणात निर्बंध आहेत. विक्रेत्याची हमी भारतात चालते का, हे लेखी विचारावे. पुष्कळदा चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी यंत्र परत पाठविण्याचा खर्च फरकापेक्षा जास्त होतो. म्हणून येथील अधिकृत विक्रेत्याची किंमत आधी काढावी. यामाहाचे कीबोर्ड तर २०१९ पासून चेन्नईजवळच तयार होतात. प्रवासी नातेवाइकांबरोबर मागवायचे असल्यास सामानाची शुल्कमुक्त मर्यादा पाहावी. ती प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते, दोघांची एकत्र करता येत नाही. मर्यादेबाहेरील वस्तू लाल मार्गाने जाऊन जाहीर करावी.

नातवाने विक्रेत्यास ५०० डॉलरचेच बीजक करावयास सांगितले. दोन महिने पैसे साठवून त्याने शुल्काची तरतूद केली. पेटी आली. ओळखीची कागदपत्रे व शुल्क दिल्यावर कुरिअरने ती घरपोच केली. शुल्काची पावती त्याने यंत्राच्या हमीपत्रास टाचून ठेवली आहे.

त्या संध्याकाळी मी मेहुण्यांना दूरध्वनी केला आणि १९८९ चा दंड किती झाला होता, ते विचारले. ‘‘आता कशाला भाऊजी?’’ ते म्हणाले. पण आकडा त्यांना तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी तो मी त्यांच्या खात्यात भरला.