जिप्सीच्या पोटातले गुळगुळीत दाते

चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत उत्तरेकडे निघालं की कोळशाच्या खाणी मागे पडतात, इरई धरणाचं पाणी दिसू लागतं आणि मोहर्ली येतं. ताडोबाच्या जंगलात शिरायचं हे सगळ्यांत गजबजलेलं दार. पहाटे गेटवर उघड्या जिप्सींची रांग लागलेली असते. प्रत्येक गाडीत 6 पर्यटक, एक गाईडताई किंवा गाईडदादा आणि एक चालकदादा. सगळ्यांच्या माना जंगलाकडे वळलेल्या. वाघ दिसेल का, एवढाच प्रश्न.

तुम्ही मात्र एक काम करा. गाडी उभी असताना, चालकदादांना विचारून, मागच्या बाजूने खाली वाकून बघा. दोन मागच्या चाकांना जोडणारी एक जाड लोखंडी नळी दिसेल आणि तिच्यावर एक फुगीर गोळा, धुळीने माखलेला. हा मागचा ॲक्सल. गोळ्याला गॅरेजमध्ये डिफरन्शियल म्हणतात. जिप्सीला असाच एक पुढेही असतो, कारण गरज पडली की तिची चारही चाकं जोर लावतात. बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या या गोळ्यात गाडीतलं सगळ्यांत नाजूक मोजमापाचं काम चालू असतं.

इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने पडलेला असतो आणि स्वतःभोवती गरगर फिरतो. चाकांचा आस मात्र आडवा. मग ती फिरकी काटकोनात वळवायची कशी? दांड्याच्या टोकाला एक लहान गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. तो एका मोठ्या गोल गिअरमध्ये अडकून त्याला फिरवतो. तो मोठा म्हणजे क्राऊन. त्याच्याच आत आणखी छोटे गिअर बसवलेले असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. त्या दोघांना आपापल्या वेगाने फिरू देण्याचं काम हे छोटे गिअर करतात. ही युक्ती फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने 1827 मध्ये शोधली, म्हणजे पेट्रोलच्या मोटारी रस्त्यावर यायच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी! पण आज आपल्याला क्राऊन आणि पिनियन या जोडीकडेच बघायचं आहे.

आधी एक हिशेब. जिप्सीच्या चाकाचा परीघ साधारण 2 मीटर धरा. 1 किलोमीटर जायला चाक किती वेळा फिरेल? 500 वेळा. क्राऊन चाकाबरोबरच फिरतो, त्यामुळे त्याच्याही 500 फेऱ्या. पिनियन त्याच्या चौपट फिरतो असं समजू, म्हणजे 2,000 फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिनियनचा प्रत्येक दाता एकदा क्राऊनच्या दात्याला भिडतो. सफारीची फेरी 40 किलोमीटरची धरली, तर एक दाता एका सकाळी 80,000 वेळा भिडला! संध्याकाळी पुन्हा तितक्याच वेळा. आणि नुसतं भिडणं नाही. हे दाते वाकडे, वळणदार कापलेले असतात आणि पिनियन क्राऊनच्या मध्याच्या जरा खाली बसवलेला असतो. त्यामुळे ते एकमेकांवर लोळतात आणि घसरतातही. घसरणं म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता आणि झीज.

तुम्ही म्हणाल, दाते तर गुळगुळीत पोलादाचे, मग झिजतात कसे? रात्री खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून अगदी तिरपा धरा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर उंचवटे आणि खळगे उमटतील, प्रत्येकाची लांब सावली पडेल. पोलादाचंही तसंच असतं, फक्त त्याचे उंचवटे मायक्रॉनमध्ये मोजावे लागतात. 1 मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे 1 मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. चांगल्या गिअरच्या दात्याचा खडबडीतपणा सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्यासाठी हिऱ्याची अतिसूक्ष्म सुई दात्यावरून हळूच ओढतात आणि ती किती वरखाली झाली ते यंत्र लिहून घेतं.

इतके बारीक उंचवटे काय बिघडवणार, असं वाटतं ना? खरी गंमत इथेच आहे. दोन दात्यांच्या मध्ये तेल असतं. त्या घट्ट, उग्र वासाच्या गिअर ऑइलचा थर दात्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. पण दाते भिडतात त्या चिमूटभर जागेत दाब किती असतो, ऐका. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब 1 धरला तर मारियाना गर्तेच्या तळाशी, जगातल्या सगळ्यांत खोल समुद्रात, तो सुमारे 1,100 होतो. जोर लावणाऱ्या गिअरच्या दात्यांमध्ये तो 10,000 पर्यंत, कधी त्याहूनही वर जातो! या दाबाखाली तेल क्षणभर इतकं घट्ट होतं की जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं. दाता पुढे सरकला की पुन्हा पातळ. ॲक्सलच्या पोटात, काळोखात, हे सेकंदाला कितीतरी वेळा घडत असतं, आणि मला हे जंगलातल्या कुठल्याही चमत्काराइतकंच थोर वाटतं.

तो थर असतो मात्र फार बारीक, बहुतेकदा 1 मायक्रॉनपेक्षाही कमी. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दात्याचे उंचवटे अर्ध्या मायक्रॉनचे, तेलाचा थरही जवळपास तेवढाच. थर उंचवट्यांपेक्षा चांगला जाड असेल तर दाते तेलावर तरंगतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. थर कमी पडला की उंचवट्यांची टोकं तेलातून वर येतात आणि लोखंडाला लोखंड लागतं. टोकं क्षणभर एकमेकांना चिकटतात, तुटतात, त्यांचा बारीक चुरा होतो. पुढे दात्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि मागून ‘हूंऽऽ’ असा आवाज यायला लागतो. जंगलात हा आवाज फारच नकोसा. चितळ किंवा वानर ओरडलं की वाघ जवळपास असल्याचं गाईडला कळतं; गाडीच रडत असेल तर ती हाक ऐकू येणार कशी?

म्हणजे थर जाड हवा. तो जाड होतो कशाने? वेगाने! दाते जितक्या वेगाने एकमेकांवर लोळतील, तितकं जास्त तेल ते मध्ये ओढून घेतात. मोठ्या रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या गाडीच्या दात्यांना तेलाचा चांगला थर मिळतो. ताडोबात मात्र गाडी मुद्दाम सावकाश चालवावी लागते, प्राण्यांच्या भल्यासाठी. म्हणजे थर पातळ. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि तोच फिरताना तेल वर उडवतो. सावकाश फिरला तर तेलही कमी उडतं. त्यात मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि तापलेलं तेल आणखी पातळ होतं. त्यात 8 माणसांचं वजन. त्यात नाल्याच्या काठावरून पहिल्या गिअरमध्ये गाडी वर चढवायची, म्हणजे दात्यांवरचा जोर सगळ्यांत जास्त आणि वेग सगळ्यांत कमी. सावकाश चालणारी गाडी आरामात असते असं आपण समजतो. तिच्या ॲक्सलला विचारा!

म्हणूनच आडवाटेच्या गाड्यांना दात्यांचा गुळगुळीतपणा फार मोलाचा असतो. वाट सोपी करता येत नाही, ऊन कमी करता येत नाही, वेग वाढवायचा नाही. मग उंचवटेच बुटके करायचे. तेवढाच तेलाचा थर मग पुरेसा ठरतो.

हे काम कारखान्यातच सुरू होतं. दाते कापून झाले की गिअर भट्टीत घालून त्याची कातडी कडक करतात. भट्टीत तो किंचित वाकतोमुडपतो. मग एक क्राऊन आणि एक पिनियन जोडीने यंत्रावर बसवतात, दात्यांवर बारीक, खरखरीत पूड मिसळलेलं तेल सोडतात आणि दोघांना एकमेकांवर फिरवतात. दोघं एकमेकांना घासून आपल्या मापाचं करून घेतात. त्या दिवसापासून ते एकमेकांचे जोडीदार! अनेकदा दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. म्हणूनच नुसता पिनियन खराब झाला तरी मेकॅनिक पूर्ण सेट बदलायला सांगतो. नव्या पिनियनची जुन्या क्राऊनशी ओळखच नसते.

या घासण्यात गणिताचाही वाटा आहे. समजा पिनियनला 10 दाते आहेत आणि क्राऊनला 40. मग पिनियनचा एक नंबरचा दाता जन्मभर क्राऊनच्या त्याच 4 दात्यांना भेटत राहील. त्यातल्या एकाला कंगोरा असेल तर तो नेहमी त्याच दात्याला ओरबाडणार. आता क्राऊनला 41 दाते द्या. 10 आणि 41 या सहमूळ संख्या. आता पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या 41 दात्यांपैकी प्रत्येकाला भेटतो आणि तीच जोडी पुन्हा जुळायला मध्ये 410 भेटी जाव्या लागतात. झीज सगळ्यांत वाटली जाते आणि सगळे सगळ्यांना गुळगुळीत करतात. शाळेतला लसावि गाडीच्या ॲक्सलमध्ये असा कामाला लागलेला आहे. गाड्यांचे गिअर आखणारे म्हणूनच शक्य तिथे अशा जोड्या निवडतात.

याच्याही पुढची पायरी आहे. हेलिकॉप्टरच्या, शर्यतीच्या गाड्यांच्या गिअरवर ती वापरतात. मेक्सिकोच्या वाळवंटात 1967 पासून बाहा नावाची शर्यत होते. तसल्या आडरानात पळणाऱ्या गाड्यांचे क्राऊन-पिनियनही असे पॉलिश करून घेतात. गिअर एका मोठ्या थरथरणाऱ्या टबमध्ये ठेवतात. टबात चिनी मातीसारख्या पदार्थाचे असंख्य छोटे तुकडे असतात आणि एक सौम्य आम्लधर्मी द्रव. द्रवामुळे पोलादावर एक मऊ, अतिपातळ पापुद्रा धरतो. तुकडे त्यावर घासले जातात, पण ते फक्त उंचवट्यांनाच टेकतात, खळग्यांपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पापुद्रा उंचवट्यांवरून निघतो, तिथे पुन्हा धरतो, पुन्हा निघतो. वैनगंगेच्या पात्रात गोटे एकमेकांवर आपटून गोल होतात तसंच हे, फक्त नदीला त्यासाठी फार मोठा काळ लागतो आणि इथे काही तासांत भागतं. शेवटी साबणासारख्या द्रवात धुतलं की दात्यात आपला चेहरा दिसतो. खडबडीतपणा उरतो 0.1 मायक्रॉनहून कमी.

हे वाचून कुणी घरच्या गाडीचा गिअर पॉलिश पेपरने घासायला घेऊ नका हं! दात्याचा आकारही मायक्रॉनमध्ये मोजून केलेला असतो. हाताने घासलं की चकाकी येते पण आकार जातो, आणि वाकड्या आकाराचा चकचकीत दाता खडबडीत दात्यापेक्षा लवकर मोडतो.

शिवाय कितीही पॉलिश केलं तरी दोन शत्रू टपलेलेच असतात. पहिला, धूळ. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटी कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असते. असा एक कण तेलात शिरला की आरशासारख्या दात्यावर ओरखडा. दुसरा शत्रू पाणी, आणि त्याची आत शिरायची तऱ्हा मोठी चलाख आहे. ॲक्सलच्या गोळ्याला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटं भोक असतं. चालून चालून ॲक्सल तापतो, आतली हवा पसरून बाहेर जाते. आणि मग गाडी नाल्याच्या गार पाण्यात उतरते! आतली हवा एकदम आकसते आणि त्या भोकातून किंवा सैल झालेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. नंतर तेल काढून बघितलं तर ते दुधट झालेलं असतं. त्यामुळे आडवाटेवर गाडी नेणारे लोक त्या भोकाला रबरी नळी जोडून तिचं तोंड उंच जागी नेऊन ठेवतात. किती साधा उपाय, आणि क्राऊन-पिनियनचं आयुष्य त्याने वाचतं.

मारुतीने जिप्सी 1985 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणली आणि सर्वसामान्य ग्राहकांना ती विकणं 2019 मध्ये थांबलं. म्हणजे जंगलात दिसणारी प्रत्येक जिप्सी आता जुनी आहे. तिचे दाते जपणं ही चैन राहिलेली नाही, वेळेवर बदललेलं तेल हीच तिची सगळ्यांत स्वस्त पॉलिश.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ताडोबाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असतं. हा गाड्यांच्या दुरुस्तीचा चांगला काळ. तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये ॲक्सल उघडलेला दिसला तर मेकॅनिककाकांना विचारून दाते नक्की बघा. जिथे दाते भिडतात तिथे एक वेगळीच चकाकी दिसेल. मग दाते मोजा. सुरुवातीच्या दात्यावर खडूने खूण करा, नाहीतर गोल गोल फिरत मोजतच राहाल. आणि तोवर हे सोडवून ठेवा: एका गाडीच्या पिनियनला 9 दाते आणि क्राऊनला 37, दुसरीला 8 आणि 36, तिसरीला 11 आणि 43. यातली कोणती जोडी तुम्ही निवडणार नाही? आणि त्या जोडीत पिनियनचा एक दाता क्राऊनच्या किती दात्यांना भेटेल?