छंद, मंडळ आणि समुदाय

एकच छंद असलेल्या व्यक्तींचा समुदाय बनतो, असे व्यवहारात सहज म्हटले जाते. समाजशास्त्रीय दृष्टीने मात्र हे विधान तपासून घ्यावयास हवे. मॅकायव्हरने समान हित आणि सामाईक हित यांत भेद केला आहे. समान हित प्रत्येकापाशी वेगवेगळे असते. सामाईक हित सर्वांचे मिळून एकच असते व त्याची वाटणी होऊ शकत नाही. छंद हे मुळात समान हित होय. ते सामाईक केव्हा होते, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इतिहास या दृष्टीने उद्‍बोधक आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी निसर्गाची आवड असलेले आठ गृहस्थ, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात एकत्र आले. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. परस्परांना नमुने दाखवावेत, टिपणे सांगावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. येथवर ही केवळ समान आवड होती.

पुढे नमुन्यांचा एकत्र संग्रह झाला आणि १८८६ पासून नियतकालिक निघू लागले. त्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याला पडताळता येऊ लागली. नोंद चुकली तर ती एकट्याची चूक न राहता सर्वांच्या ज्ञानातील उणीव ठरू लागली. १९०८ मध्ये बालवयातील सलीम अली यांनी गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी ओळख पटविण्यासाठी संस्थेत नेली. चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, इतकेच नव्हे तर संस्थेचा संग्रहही त्या मुलास दाखविला. सामाईक संचय नवागतास खुला करणे हे येथे कर्तव्य मानले गेले, असे यावरून दिसते.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळातील नमुने गोळा करण्याच्या कामी स्थानिक वाटाडे, शिकारी आणि कातडी सोलून नमुने तयार करणारे कारागीर यांचे श्रम व ज्ञान खर्ची पडत असे. संचयात त्यांचा वाटा होता. पण संचयाविषयी बोलण्याचा अधिकार बहुधा त्यांना नव्हता. म्हणजे सामाईक हित निर्माण झाले तरी त्याचे धनी कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मॅकायव्हरच्या काटेकोर अर्थाने छंदाचे मंडळ हा समुदाय नव्हे, कारण मनुष्याचे समग्र जीवन त्यात सामावत नाही. मर्यादित अर्थाने ही संज्ञा वापरावयाची झाल्यास दोन गोष्टी पाहाव्या लागतील: सर्वांनी मिळून जतन करावे असे काही त्या मंडळापाशी आहे काय, आणि त्यातील चूक दाखविण्याचा अधिकार कोणाकोणास आहे. सभासदांची संख्या व उत्साह यांवरून या दोहोंचे उत्तर मिळत नाही. अभ्यासकाने ते मंडळाच्या प्रत्यक्ष व्यवहारातच शोधले पाहिजे.