आईच्या फोनमधली जागा कुणी खाल्ली?

 

गेल्या दिवाळीची गोष्ट. सिडकोतल्या आमच्या घरी आईच्या फोनवर सारखं 'स्टोरेज फुल' यायला लागलं. तिनं आपल्या हिशोबानं जागा केली. काय उडवलं? आजोबांचे व्हिडिओ. आजोबा आता नाहीत. मला कळेपर्यंत रीसायकल बिनची मुदतही संपली होती. आणि तिनं कधीच न उघडलेले चार गेम मात्र जागच्या जागी! म्हणाली, "ते कंपनीचे आहेत ना रे, काढले तर फोन बिघडेल." मी बीटेक, दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, पण घरी हे कधी समजावलं नव्हतं. म्हणून आजचा भाग.

६४ जीबी जातात कुठे?

पैठण गेटला फोन घेताना विचारा, उत्तर ठरलेलं: "१०२४ चं गणित असतं, सर." गणित खरं आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून ६४ चा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर ५९.६ दिसतो. पण बहुतेक नवे अँड्रॉइड फोन स्वतःच १००० च्या हिशोबानं मोजतात. कोऱ्या फोनमध्ये १५-२० जीबी भरलेले दिसले, तर ते मुख्यतः अँड्रॉइड, त्यावरचं कंपनीचं सॉफ्टवेअर आणि आधीच टाकलेली ॲप्स असतात. खोक्यावर चिपचा आकडा असतो, तुमच्या वाट्याला येणाऱ्या जागेचा नाही.

आणि '८+८ जीबी रॅम' बघून खूश होऊ नका. दुसरे ८ तुमच्याच स्टोरेजमधून घेतलेले असतात.

काय काढता येतं?

फोनमध्ये दोन कप्पे समजा. एक कुलूपबंद सिस्टीमचा, एक तुमचा. गेम, शॉपिंगची ॲप्स बहुधा तुमच्या कप्प्यात असतात. ती अनइन्स्टॉल करा, जागा परत मिळते.

सिस्टीमच्या ॲपला फक्त 'डिसेबल' मिळतं. गंमत अशी, की असं ॲप अपडेट झालं की नवी प्रत तुमच्या कप्प्यात येते आणि जुनी कुलपातच राहते. म्हणजे एका ॲपची दोनदा जागा! म्हणून आधी 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'डिसेबल'. नवी प्रत आणि डेटा जातो. यूट्यूबवरच्या एडीबीच्या युक्तीनं ॲप नजरेआड होतं, पण कुलपातली जागा सुटत नाही.

कायदा काय म्हणतो?

२० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीच टाकलेली गुगलची ॲप्स काढू द्या, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड टिकला, पण ॲप्स काढू देण्याचा आदेश रद्द झाला. मात्र बोललं की फरक पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या फोनमध्ये 'संचार साथी' आधीच टाकायची सक्ती सरकारनं टीकेनंतर मागे घेतली.

आईच्या फोनमधले गेम काढले, नको ती ॲप्स डिसेबल केली, उसनी रॅम बंद केली. नऊ जीबी मोकळे झाले. व्हिडिओ काही परत आले नाहीत.

तुम्ही आज रात्रीच आई-बाबांचा फोन हातात घ्या. आधी फोटो-व्हिडिओ दुसरीकडे कॉपी करा, मग साफसफाई. भेटू पुढच्या भागात!