धातूचे अलंकार : देहावर धारण करावयाचे शिल्प

अलंकाराचे मोल सामान्यतः धातूच्या वजनावरून आणि रत्नाच्या तेजावरून ठरते. घडणावळ ही त्यावरील किरकोळ आकारणी समजली जाते. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील काही कलावंतांनी हा हिशेबच उलटा मांडला. पितळ, तांबे, चांदी असे बेताच्या किमतीचे द्रव्य त्यांनी पत्करले आणि मोलाचा सगळा भार आकारावर टाकला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९४६ मध्ये अशा हातघडणीच्या अलंकारांचे प्रदर्शन भरविले. १९४८ मध्ये मिनिआपोलिसच्या वॉकर कलाकेंद्रात भरलेल्या प्रदर्शनाच्या तर नावातच ‘पन्नास डॉलरांच्या आत’ ही मर्यादा होती.

अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) याने सुमारे १८०० अलंकार घडविले. त्याची रीत दिसावयास साधी होती. तार ऐरणीवर ठोकून चपटी करावयाची, तिला वेटोळी द्यावयाची आणि भाग शक्यतो डाख न देता कड्यांनी किंवा रिव्हेटने जोडावयाचे. थंड धातू ठोकला म्हणजे तो कठीण होतो व त्याला स्प्रिंगेसारखा ताठपणा येतो. म्हणून बारीक तारेचा आकारही आधाराविना उभा राहतो. हातोडीच्या खुणा तो झाकीत नसे. कड्यांनी जोडलेले भाग हालतात, आणि येथेच त्याच्या हलत्या शिल्पांशी या अलंकारांचे नाते जुळते. ‘मत्सरी नवरा’ (सुमारे १९४०) या पितळी कंठभूषणाचे फाटे खांद्यांवर असे पसरतात की, जवळ येऊ पाहणाऱ्याने अंतर राखूनच उभे राहावे! सोसून घालावयाच्या अशा वस्तूला अलंकार म्हणावे काय, ही शंका अगदीच अनाठायी नाही.

या शंकेचे अधिक समाधानकारक उत्तर आर्ट स्मिथ (१९१७–१९८२) याच्या कामात मिळते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात त्याचे दुकान होते. नृत्यमंडळींसाठीही तो अलंकार घडवी. त्याच्या दृष्टीने देह ही अलंकार टांगण्याची खुंटी नव्हती. धातू आणि पोकळी यांच्याप्रमाणेच देह हाही रचनेचा घटक होता. ‘लाव्हा’ हे त्याचे कंकण एकावर एक आलेल्या लाटांसारख्या आकारांनी मनगटापासून वर हातावर चढते. ते हातातून काढले की त्यातील पोकळी निरर्थक होते. संग्रहालयाच्या काचपेटीत अशी कृती अर्धीच उरते. मूर्तीच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

मार्गारेट डी पाटा (१९०३–१९६४) हिने मोहोली-नॉज याच्या शिकवणीतून खड्याकडे पाहण्याची निराळी दृष्टी घेतली. कोंदणाची पकड शक्य तितकी लपवून पारदर्शक खडा तिने जणू अधांतरी ठेवला. त्यामागील रेषा पाहणाऱ्याच्या हालचालीबरोबर बदलत जातात.

हे अलंकार केवळ शोभेसाठी घातले जात नसत. ऑक्टोबर १९४२ मध्ये पेगी गुगेनहाइम हिने न्यूयॉर्कमध्ये आपले कलादालन उघडले, तेव्हा तिच्या एका कानात काल्डरचे कर्णभूषण होते आणि दुसऱ्यात ईव्ह तांगी या अतिवास्तववादी चित्रकाराचे. अमूर्त कला आणि अतिवास्तववाद या दोहोंविषयी आपण निःपक्षपाती आहोत, हे तिला त्यातून दाखवावयाचे होते.